पोरांना वारा कसा दाखवायचा?



मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईने विचारलेला प्रश्न बऱ्याच जणींच्या मनातला होता. अंगणवाडीच्या माता बैठकीत सांगतात, घरी मुलांशी बोला, त्यांना करून बघू द्या, छोटे छोटे प्रयोग करा. ताईचं म्हणणं असं, की आम्ही चौथी-पाचवी शिकलेल्या बाया, आम्ही कसले प्रयोग करणार? आणि सामान कुठून आणणार?

प्रश्न रास्त आहे. म्हणून या अंकात एकच विषय घेतला आहे, आणि तो मुद्दाम असा घेतला आहे की ज्यात आपण मास्तरापेक्षा कमी नाही. विषय आहे वारा. कुठल्या वेळेला वारा सुटतो आणि उफणणी कधी लावायची, पापड कुठल्या भिंतीच्या आडोशाने वाळत घालायचे, चुलीचं तोंड कुणीकडे ठेवलं की धूर डोळ्यात जात नाही, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. ते मुलांपर्यंत पोचवायचं आहे, एवढंच. सामान सगळं घरात आहे: सूप, जुन्या साडीची चिंधी, घमेलं, फुलपात्र, उदबत्ती, रद्दी कागद, ज्वारीचं धाट.

आपल्या राज्यात ही रीत नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघरमधल्या) बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालवाड्या चालवल्या. महागडी खेळणी परवडणार नाहीत हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड, माती यांतूनच शिकवण्याचं साहित्य उभं केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथली. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर खूप उशिरा, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली.

आता कामाचं बोलू.

तीन-चार वर्षांच्या मुलाला वाऱ्याची मोठी अडचण एकच आहे, तो दिसत नाही. जे दिसत नाही ते नाही, असं त्या वयाचं गणित असतं. रिकामा तांब्या दाखवून विचारा, यात काय आहे? "काहीच नाही." म्हणून वाऱ्याच्या आधी हवा दाखवायची. हवा सगळीकडे भरून राहिलेली आहे, आणि ती हलायला लागली की तिला आपण वारा म्हणतो. हे वाक्य मुलाला पाठ करायला लावू नका. त्याच्या हाताला ते कळलं पाहिजे.

सुरुवात तोंडानेच करा. तळहात तोंडासमोर धरायचा आणि "हाऽऽ" करायचं. गरम लागतं. आता ओठ चिमटीसारखे करून "फूऽऽ" करायचं. गार लागतं. दोन्ही वेळा हवा तर छातीतलीच! मुलं हे दहा-दहा वेळा करतात, करू द्या. मोठ्या मुलाने विचारलं, असं का, तर सांगायचं: हा करताना अंगातली ऊब हळूच हाताला येते. फुंकर जोरात जाते, जाताना आजूबाजूची गार हवा बरोबर ओढून नेते आणि हातावरची ऊबही उडवून लावते. म्हणून तर आपण गरम चहावर फू करतो, हा करत नाही.

दुसरी गोष्ट धुण्याच्या वेळची. नदीवर नाहीतर हौदावर धुणं धुताना ओला पंचा पाण्यावर पसरून टाकला की मधे टम्म फुगतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. लहानपणी त्यावर चापटी मारून बुडबुडे काढलेले आहेत. तोच खेळ घमेल्यात करा. पंचा आधी चांगला भिजवायचा, चार कोपरे धरून पाण्यावर पटकन टेकवायचा आणि कडा खालून गोळा करून धरायच्या. मधे फुगा तयार होतो. मुलाला हाताने दाबू द्या. बुडबुडे येतात. विचारा, हे कुठून आले? कोरड्या पंचाने फुगा टिकत नाही, कारण विणीच्या बारीक भोकांतून हवा निघून जाते. भिजल्यावर ती भोकं पाण्याने बुजतात. हेसुद्धा सांगायच्या आधी दोन्ही करून दाखवा, पोरं स्वतःच म्हणतील, "ओलं केल्यावरच फुगतंय."

तिसरं फुलपात्राचं. कागदाचा बोळा फुलपात्राच्या तळाला घट्ट दाबून बसवा. पालथं फुलपात्र सरळ उभं धरून पाण्याच्या बादलीत खाली दाबा. तिरकं होऊ देऊ नका. वर काढून बोळा चाचपा, कोरडा! आत हवा बसलेली होती, तिने पाण्याला आत येऊ दिलं नाही. आता तेच फुलपात्र पाण्यात तिरकं करा. भुडूक भुडूक करत हवा बाहेर, पाणी आत, आणि बोळा ओला. काचेचा पेला असेल तर आतलं दिसतं, पण लहान मुलाच्या हातात काच नको. आणि एक कडक सूचना: बादली असो की घमेलं, पाण्याजवळ लहान मूल एकटं सोडायचं नाही, खेळ संपला की पाणी ओतून द्यायचं. तसंच हवा पकडायची म्हणून मुलांना प्लास्टिकची पिशवी देऊ नका. डोक्यात घातली तर श्वास कोंडतो. कापड आपल्याकडे आहे, ते पुरे.

हवा आहे हे पटलं, की मग वारा.

इथे एक गंमत सांगते. चार-पाच वर्षांच्या मुलाला विचारा, वारा कुठून येतो? बरीच मुलं सांगतात, "झाडं हलतात ना, म्हणून." हसू नका. झाड हललं की अंगाला वारं लागतं, हे त्याने पाहिलेलं आहे, त्यावरून त्याने काढलेला तो निष्कर्ष आहे. आपणही पंखा हलवला की वारा येतो, मग झाडाने पानं हलवली तर का येऊ नये? ज्याँ पियाजे नावाच्या स्विस अभ्यासकाने तिकडच्या मुलांना असेच प्रश्न विचारले होते आणि त्यांनाही अशीच उत्तरं मिळाली होती. म्हणजे मूल मोरशीचं असो नाहीतर जिनिव्हाचं, डोकं सारखंच चालतं. अशा मुलाला "चूक" म्हणण्याऐवजी उघड्या माळावर न्यावं. तिथे झाड नाही. काठीला बांधलेली चिंधी मात्र फडफडते. "अरे, इथे तर झाडच नाही, मग ही चिंधी कोण हलवतंय?" एवढं विचारून गप्प बसायचं. उत्तर आज आलं नाही तर आठ दिवसांनी येईल.

आता आपल्या हक्काचा धडा, उफणणी. गावोगावी हडंबा आल्यापासून खळी गेली, पोरांना उफणणी माहीत नाही. (हडंब्यातही पंखाच असतो आणि तो भूस लांब फेकतो, म्हणजे काम वाऱ्याचंच, फक्त वारा विकतचा झाला.) पण सूप अजून प्रत्येक घरात आहे. दोन मुठी ज्वारी आणि दोन मुठी भुसकट एकत्र करा. खाली जुनी साडी किंवा पोतं अंथरा. वारा सुटलेला असताना मुलाला वाऱ्याकडे पाठ करून उभं करा, म्हणजे कुसळ डोळ्यात जाणार नाही. मुलाच्या खांद्याएवढ्या उंचीवरून वाटीने थोडं थोडं खाली सोडू द्या. आधी विचारायचं, "काय कुठे पडेल?" मग सोडायचं.

टपोरा दाणा पायाशी पडतो. पोचट दाणा जरा पुढे. भुसकट त्याच्याही पुढे, साडीच्या टोकाला. तीन वेगवेगळे ढीग दिसले की मुलाच्या चेहऱ्याकडे बघा. वारा काही निवडत बसत नाही, सगळ्यांना सारखाच ढकलतो. पण दाणा आकाराच्या मानाने जड आहे, वाऱ्याने ढकलायच्या आत तो जमिनीवर पोचतो. भुसकट हलकं आणि पसरट. ते हळूहळू खाली येतं आणि तेवढ्या वेळात वारा त्याला लांब नेतो. वारा पडलेल्या दिवशी हाच खेळ पुन्हा करा. सगळं एकाच जागी पडतं. मग आपली आजी सूप मांडीवर घेऊन वाऱ्याची वाट बघत का बसायची ते मुलाला कळेल. वारा नसला तर दुसऱ्या बाजूने एकीने सुपाने वारा घालायचा.

आमच्या गटातल्या एका आजीने हा खेळ बघितला आणि म्हणाली, "ह्याला काय शिकवायचं, हे तर आम्ही जन्मभर केलं." तेच तर सांगायचंय.

पसरट आणि जड यातला फरक आणखी पक्का करायचा असेल तर वहीचे दोन सारखे कागद घ्या. दोन्हींचं वजन एकच. एकाचा घट्ट बोळा करा, दुसरा पसरट ठेवा, दोन्ही एकदम सोडा. बोळा धपकन पडतो, कागद डुलत डुलत येतो. इथे मोठी माणसंही चुकतात आणि म्हणतात, बोळा जड झाला. जड कसा होईल? कागद तोच आहे. पसरट कागदाला खाली येताना जास्त हवा बाजूला सारावी लागते, म्हणून त्याला वेळ लागतो.

निसर्गात हेच जागोजागी आहे. उन्हाळ्यात रुईचं बोंड फुटतं आणि आतून रेशमी केसांच्या "म्हातार्‍या" उडतात. आपणही त्यांच्यामागे धावलेलो आहोत. सावरीच्या बोंडातला कापूस, शेवग्याची तीन पंखांची बी, हे सगळं मुलांना गोळा करायला लावा. एका सुपात म्हातारी, शेवग्याची बी, कोंबडीचं पीस, वाळलेलं पान, चिंचोका, खडा आणि बाटलीचं बूच ठेवा. एक एक उचलून विचारा, "फुंकलं तर उडेल का?" आधी अंदाज, मग फुंकर. उडणारे एका बाजूला, न उडणारे दुसऱ्या बाजूला. मोठी मुलं असतील तर पुढे विचारा, झाड आपली बी वाऱ्यावर का सोडतं? सगळ्या बिया आईच्या पायाशीच पडल्या तर सगळ्यांना ऊन-पाणी कुठून पुरणार! हे बायांना पटकन कळतं. फक्त रुईचा चीक डोळ्याला वाईट, त्यामुळे हिरवं बोंड तोडायचं नाही, वाळून फुटलेलंच घ्यायचं आणि नंतर हात धुवायचे.

भिरभिरं तर हवंच. जत्रेत ते विकत मिळतं, पण स्वतः केलेल्याची मजा वेगळी, आणि ते फिरलं नाही तर का फिरलं नाही हे शोधण्यात खरा अभ्यास होतो. वीतभर चौकोनी कागद घ्या, वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर नको, फार जाड होतं. दोन्ही कर्णांवर घडी घालून उलगडा. चारही कोपऱ्यांपासून मध्याकडे कापत या, पण मध्यापासून दोन बोटं अंतर राखून थांबा. आता आठ टोकं झाली. एक सोडून एक टोक मध्यावर आणून धरा, आणि चारही टोकांतून आणि मधल्या कागदातून बाभळीचा लांब काटा आरपार घाला. मागे एक मणी ओवा आणि काटा ज्वारीच्या धाटात खुपसा. काटा टोचायचं काम मोठ्यांचं. मणी विसरू नका, नाहीतर कागद धाटाला घासतो आणि भिरभिरं अडतं. तरी फिरत नसेल तर काट्याजवळचं भोक जरा मोठं करा.

मग मुलाला दे पळू. वारा नसतानाही धावलं की भिरभिरं फिरतं. "वारा नाही, मग का फिरतंय?" हवा थांबलेली आहे, आपण तिच्यातून पळतोय, भिरभिऱ्याला दोन्ही सारखंच. दुचाकीवर बसल्यावर अंगाला वारा लागतो तो असाच. भिरभिरं वाऱ्याकडे तोंड करून धरलं तर फिरतं, आडवं धरलं तर थांबतं, हेही मुलांनाच सापडू द्या. साताऱ्याकडच्या ताया इथे चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या दाखवू शकतात, धुळ्याकडच्या ब्राह्मणवेलच्या. वाऱ्याने पातं फिरवायचं हे काम तेच, फक्त पवनचक्कीच्या पात्यामागे वीज तयार करणारं यंत्र बसवलेलं असतं. टाकाऊ वस्तूंतून अशी शेकडो खेळणी करून दाखवणारे अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं काम केलं. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत, तालुक्याच्या वाचनालयात विचारून बघा.

एकदा वारा दिसायला लागला की तो रोज बघायची सवय लावावी. जुन्या साडीची बोटभर रुंद, हातभर लांब पट्टी फाडून उंच काठीला बांधा आणि काठी अंगणात मोकळ्यावर रोवा, भिंतीजवळ नको. सूर्य उगवतो ती पूर्व, तिथे दगड ठेवा. बाकीच्या तीन दिशांनाही दगड. रोज एकाच वेळी, म्हणजे अंगणवाडीतून आल्यावर, मुलाने बघायचं: चिंधी कुणीकडे उडतेय? आणि वारा कुणीकडून आला? ही दोन उत्तरं उलटी असतात आणि मोठ्यांचाही इथे गोंधळ होतो. वाऱ्याला नाव तो जिकडून येतो त्या दिशेचं. चिंधी पूर्वेकडे उडत असेल तर वारा पश्चिमेचा. भिंतीवर कोळशाने रोज एक बाण काढला तरी चालतो.

वाऱ्याचा जोर मोजायला यंत्र लागत नाही. फ्रान्सिस ब्यूफोर्ट नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने १८०५ मध्ये जहाजांसाठी वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या. पुढे जमिनीवरच्या खुणाही त्याला जोडल्या गेल्या आणि जगभर त्या आजही वापरतात. आपल्या अंगणात त्या अशा वाचता येतात. चुलीचा धूर सरळ वर जातो, म्हणजे वारा पडलेला. तोंडाला झुळूक लागते आणि पानं सळसळतात, ताशी सहा ते अकरा किलोमीटर. धूळ आणि कागद उडायला लागले, बारीक फांद्या हलल्या, वीस ते अठ्ठावीस. लहान झाडं डोलायला लागली की तीस-पस्तीसच्या घरात. मोठ्या फांद्या हलल्या तर चाळीस ते पन्नास. आख्खं झाड हलायला लागलं आणि वाऱ्यासमोर चालणं जड गेलं म्हणजे पन्नासच्या वर, तेव्हा खेळ बंद आणि घरात. पानं बघायला लिंब निवडा. पिंपळ नको, त्याचं पान उगाचच हलतं. आणि आभाळात गडगडत असेल तर झाडाखाली आडोशाला थांबायचं नाही, हे मुलांना याच वेळी सांगून ठेवा. वीज पडते ती उंच झाडावर.

बघता बघता शब्दही येतात. झुळूक, सोसाट्याचा वारा, बोचरा वारा, वावटळ, वादळ, वारा सुटला, वारा पडला. आपल्या भाषेत वाऱ्याला किती नावं आहेत! मालवणी घरात "वारो" म्हणत असतील तर तसंच म्हणू द्या. कोरकू, गोंडी, भिलोरी बोलणाऱ्या घरांत त्यांच्या भाषेतले शब्द आधी. शाळेतला शब्द नंतर येतोच.

पण वारा सुटतो तरी का? हा प्रश्न पाच-सहा वर्षांचं मूल विचारणारच. उत्तर एका कागदी सापात आहे. गोल कागदावर बाहेरून आत गोगलगाईसारखी रेघ काढून कापा. मध्ये दोरा बांधून लोंबता धरा, साप झाला. भाकरी झाल्यावर चूल किंवा गॅस बंद करा, पण तवा तापलेलाच असू द्या. त्याच्यावर हातभर उंच मोठ्या माणसाने हा साप धरायचा, मूल लांबून बघेल. फुंकर नाही, पंखा नाही, तरी साप गोल फिरायला लागतो. तव्याजवळची हवा तापली, हलकी झाली, वर निघाली, वर जाता जाता सापाला ढकलून गेली. तवा गार झाला की साप थांबतो.

वर गेलेल्या हवेची जागा रिकामी राहत नाही, बाजूची गार हवा तिथे धावत येते. तोच वारा. कोकणातल्या ताया हे रोज अनुभवतात: दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते म्हणून समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमीन लवकर निवते म्हणून उलटे, जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. आपला पावसाळाही असाच, पण केवढ्यातरी मोठ्या चुलीवर. उन्हाळ्यात अख्खा देश तापतो आणि समुद्रावरून ओली हवा घेऊन नैर्ऋत्य मोसमी वारे येतात. साधारण १ जूनला केरळात, आणि पुढे आठ-दहा दिवसांत आपल्याकडे. अंगणातली चिंधी मे-जूनमध्ये रोज बघितली तर पश्चिमेचा वारा कसा जोर धरतो ते मुलाला दिसेल.

वावटळीचंही इथेच सांगून टाका. तिच्यात भूत असतं असं आपण पोरांना सांगतो, भीतीने ती घरात पळतात. भूत नसतं. चैत्र-वैशाखातल्या उन्हात रान तापतं, एखाद्या जागची हवा भसकन वर जाते, बाजूची हवा गरगरत तिथे घुसते आणि पाचोळा घेऊन फिरते. डोळ्यात माती जाते म्हणून डोळे मिटून पाठ फिरवायची, बस.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हा वाऱ्याचा अभ्यास आपल्या स्वयंपाकघरात आणा. चूल विझलेली असताना दार-खिडकी सगळं बंद करून एक उदबत्ती लावा आणि मुलांना बरोबर घेऊन धूर कुठे जातो ते बघा. खोलीतच तरंगत राहतो. आता फक्त खिडकी उघडा. थोडाच फरक पडतो. मग खिडकी आणि तिच्या समोरचं दार दोन्ही उघडा. धूर एक दिशा धरतो आणि निघतो. हवेला आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी. एकच भोक असेल तर हवा अडते. आणि धूर गरम असतो, तो वर जातो, म्हणून बाहेर जायची वाट उंचावर हवी. जुन्या धाब्याच्या घरांना छतात भोक ठेवायचे ते काही उजेडापुरतं नव्हतं. आता पत्र्याच्या आणि स्लॅबच्या घरात ते गेलं.

चुलीच्या धुराने लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो, हे आशाताई सांगतातच. गॅस आला तरी सिलिंडर महाग म्हणून पाणी तापवायला चूल पेटतेच, आणि तान्हं मूल आईच्या पाठीशी तिथेच असतं. उदबत्तीच्या धुराने बघून घ्या, आपल्या घरात धूर कुठल्या कोपऱ्यात साठतो. त्या कोपऱ्यात पाळणा बांधायचा नाही. घरकुल बांधायचं चाललं असेल तर गवंड्याला सांगून चुलीच्या बाजूला छताजवळ झरोका ठेवून घ्या. तो बांधतानाच ठेवायचा असतो, नंतर भिंत फोडायला कोणी येत नाही.

दुसरी जागा शेत. कपाशी-सोयाबीनवर फवारणी चालू असते तेव्हा आपण आणि पोरं बांधावर असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. चिंधीने दिशा ओळखणाऱ्या मुलाला एक नियम सहज कळतो: पंप चालू असेल तर वारा जिकडे जातो त्या बाजूला थांबायचं नाही. वारा पंपाकडून माझ्याकडे येतोय का, माझ्याकडून पंपाकडे जातोय, एवढं त्याला बघता आलं पाहिजे. खरं तर मुलांनी फवारणीच्या वेळी शेतात असूच नये. पण ज्यांना घरी ठेवायला कोणी नाही त्यांच्यासाठी हे सांगते आहे. फवारणाऱ्यानेही वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारू नये, आणि झाडाच्या बारीक फांद्या हलण्याएवढा वारा असेल तर त्या दिवशी पंप पाठीवर घेऊच नये. औषध आपल्या पिकावर पडत नाही, शेजारच्या पाण्यावर पडतं.

पतंगाबद्दल थोडंच. संक्रांतीला जरूर उडवा, साधा सुती दोरा वापरा. नायलॉन मांजावर बंदी आहे. तो पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापतो. विजेच्या तारेत अडकलेला पतंग काढायला जायचं नाही.

वयाचं भान ठेवा. तीन वर्षांच्या मुलाने फक्त फुंकायचं, पळायचं, पाण्यात बुडबुडे काढायचे. त्याला कारण सांगत बसू नका, ते ऐकणार नाही. चार-पाचला "काय होईल?" विचारायचं. सहाच्या पुढे "का झालं?" एका दिवशी एकच खेळ. आणि उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, करून बघू" म्हणायला लाजू नका.

आपल्या बचतीच्या बैठकीला पोरं बरोबर येतातच आणि तासभर कंटाळून रडतात. हिशेब चालू असताना एक ताई त्यांना बाहेर घेऊन बसली तर तेवढ्या वेळात आठ-दहा भिरभिरी होतात. दर बैठकीला वेगळ्या ताईने पाळी घ्यावी. कागद रजिस्टरच्या रद्दीतला वापरा, धाटं कोणीतरी आणतंच. बाभळीचे काटे मात्र मोजून द्या आणि उठताना मोजून परत घ्या, नाहीतर पुढच्या बैठकीत सतरंजीवर कोणाच्या तरी पायात जायचे.